मावशीचं कायदेशीर पालकत्व घ्यायचं का? सोशल वर्करच्या एका प्रश्नापाशी अडलेय

उंबरठा

जरा मोठं लिहितेय, पण ज्यांनी हे निभावलंय त्यांचा सल्ला हवा आहे. कागद तयार आहेत, सही तेवढी बाकी आहे.

माझी मावशी ७९ वर्षांची. लग्न केलं नाही. ३२ वर्षं शाळेत शिकवलं आणि निवृत्तीनंतरही एकटीच राहिली. गेल्या वर्षभरात विसरायला लागली. विजेचं बिल तीनदा भरलं, पाण्याचं एकदाही नाही. घरकामाच्या बाईंना एकाच महिन्याचा पगार दोनदा दिला. त्यांनीच तो परत आणून दिला म्हणून आम्हाला कळलं. मग दोन महिन्यांपूर्वी ती रात्री जिन्यात पडली, मनगट मोडलं, अकरा दिवस हॉस्पिटलात होती. तिथे ती मला ओळखेना. भिंतीवर माणसं चालताहेत म्हणायची. घरी सोडताना कागदावर डिमेन्शिया असं लिहून दिलं.

मी आणि माझा भाऊ, आम्हीच काय ते तिचे. बँकेत गेलो तर म्हणाले, कोर्टाचा आदेश आणा. वकील म्हणाले, संपूर्ण पालकत्वाचा अर्ज करू. पैसे, घर, औषधपाणी, तिनं कुठे राहायचं, सगळं एकाच आदेशात येईल. पुन्हा पुन्हा हेलपाटे नकोत. आम्हाला पटलं.

त्यानंतर अहवालासाठी सोशल वर्कर आल्या. मला वाटलं होतं अर्ध्या तासाचं काम असेल. त्या दोनदा आल्या, एकदा सकाळी आणि एकदा मुद्दाम संध्याकाळी. मावशीचं श्रवणयंत्र हॉस्पिटलातून आल्यापासून पिशवीतच पडलेलं होतं, आमच्यापैकी कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. त्यांनी ते शोधायला लावलं, बॅटरी बदलायला लावली, चष्मा पुसून दिला आणि मगच बोलायला सुरुवात केली. आम्हाला खोलीबाहेर थांबायला सांगितलं. खरं सांगते, मला ते लागलं. जिची दोन महिने उठबस केली तिच्याशी बोलताना मी परकी?

निघताना त्यांनी मला एकच विचारलं, "नेमका कोणता निर्णय त्यांना घेता येत नाही, म्हणून तुम्हाला पालक व्हायचंय?"

मला उत्तर देता आलं नाही.

त्याच रात्री मावशीनं विचारलं, "ते कागद कसले?" मी म्हटलं, मी तुझी पालक होणार आहे. ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "पालक माझ्या वर्गातल्या मुलांना असायचे. मला कशाला?"

तेव्हापासून पेन हातात धरवत नाही. पण सही केली नाही आणि काही बरंवाईट झालं तर? तुम्ही काय केलंत?

निरभ्र

सही करा. आमच्या घरात झालं ते सांगतो.

वडिलांचा मान राखायचा म्हणून आम्ही वर्षभर थांबलो. तेवढ्यात फोनवरच्या एका गोड आवाजानं त्यांचं निवृत्तीचं खातं रिकामं केलं. सात महिने चाललं होतं ते. प्रत्येक वेळी ओटीपी बाबांनी स्वतःहून सांगितला होता. बँक म्हणाली, खातेदार सज्ञान आहेत, तक्रार त्यांनी करायला हवी. आणि बाबा म्हणायचे, तो मुलगा भला आहे, तुमचाच माझ्या पैशावर डोळा आहे.

कोर्टाचा आदेश आल्यावर व्यवहार थांबले. आधी आला असता तर आज त्यांच्या औषधांसाठी मला कर्ज काढावं लागलं नसतं. सोशल वर्करना घरी जाऊन झोपता येतं. निस्तरायचं आपल्याला असतं.

पाऊलवाट

मी हॉस्पिटलात वैद्यकीय समाजकार्याचं काम करते, १९ वर्षं झाली. उंबरठाताई, तुमची मावशी मी पाहिलेली नाही, त्यामुळे तिच्याबद्दल काही ठरवून सांगत नाही. तुमच्या लिहिण्यात जिथे थबकले तेवढंच सांगते.

पहिलं म्हणजे ते अकरा दिवस बाजूला ठेवा. हाड मोडून दाखल झालेल्या म्हाताऱ्या माणसाला हॉस्पिटलात भ्रम होणं आम्ही कायम बघतो. नवी जागा, वेदना, रात्रभर दिवे, कानात यंत्र नाही, डोळ्यांवर चष्मा नाही. याला डिलिरिअम म्हणतात. हा एकाएकी येतो, दिवसभरात कमीजास्त होतो, आणि पुष्कळदा उतरतो. उतरायला आठवडे लागतात, काहींना महिनेही. मूत्रमार्गाचा संसर्ग, अंगातलं पाणी किंवा सोडियम कमी होणं, झोपेच्या गोळ्या, अ‍ॅलर्जीची आणि लघवीवरची काही औषधं, बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, यांतलं काहीही मागे असू शकतं. मावशी पडली होती, म्हणून आणखी एक विचारते: डोक्याचं स्कॅन झालं का? कवटीच्या आत हळूहळू साचलेलं रक्तही माणसाला असंच हरवून टाकतं. मुळात डिमेन्शिया असेलही, दोन्ही एकत्र येतात. पण अकरा वाईट दिवसांवरून पुढच्या दहा वर्षांचा आदेश मागू नका.

दुसरं, त्या बाईंनी तुम्हाला विचारलेला प्रश्न. आमच्या कामाचा तो गाभाच आहे. निर्णयक्षमता ही घरातल्या मेन स्विचसारखी नसते, की पाडला आणि सगळं घर अंधारात. प्रत्येक निर्णयाचं वेगळं पाहावं लागतं. आम्ही चार गोष्टी बघतो. सांगितलेलं समजतं का, निर्णय होईपर्यंत लक्षात राहतं का, फायदा-तोटा तोलता येतो का, आणि ठरलेलं कुठल्याही रीतीनं, अगदी बोटानं खुणावूनसुद्धा, सांगता येतं का. मी भेटलेल्या एका आजींना साल सांगता येत नव्हतं. आपण कोणत्या मजल्यावर आहोत तेही नाही. पण पैसे कुणी सांभाळावेत असं विचारल्यावर लगेच म्हणाल्या, "धाकटीनं. मोठी प्रेमळ आहे, पण हिशेब विचारला की चिडते." आठवडाभरानं मी पुन्हा विचारलं. उत्तर तेच, कारणही तेच. घर विकण्याची कागदपत्रं त्यांना समजली नसती, पण आपलं कुणी पाहावं हे त्यांना पक्कं समजत होतं.

याच्या उलटही असतं, आणि ते जास्त फसवं. एक गृहस्थ बोलण्यात इतके चोख होते, की डॉक्टरही भुलले. गॅस बंद करायचा कसा, पडलो तर कुणाला बोलवायचं, सगळं घडाघडा सांगायचे. घरी गेले तर शेगडीची बटणं उघडी, गोळ्यांचा डबा तीन आठवडे तसाच भरलेला, आणि न उघडलेल्या पाकिटांचा ढीग. सांगता येत होतं, करता येत नव्हतं. म्हणून घरी जावं लागतं.

घरी गेल्यावर मी बारीकसारीक बघते. औषधांचा डबा, न्हाणीघराची फरशी, किल्ली कुणाकुणाकडे आहे. आणि प्रश्न त्यांना विचारला की उत्तर कोण देतं? तुम्हाला खोलीबाहेर बसवलं ते यासाठी. ज्यांचा हेतू चांगला असतो तेही मध्ये बोलतात, आणि म्हातारं माणूस तुमच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर बदलतं. सकाळ-संध्याकाळ अशा दोन भेटीही त्यासाठीच. डिमेन्शिया असलेल्या पुष्कळांचं दिवस कलला की बिनसतं. फक्त संध्याकाळी भेटून अहवाल लिहिणं हा अन्याय, फक्त सकाळी भेटून लिहिणं हा भाबडेपणा.

एक गोष्ट आमच्या लोकांना आवडणार नाही, तरी लिहिते. मी हॉस्पिटलचा पगार घेते, आणि हॉस्पिटलला खाट रिकामी हवी असते. पालकत्वाचा आदेश हाती असला की माणसाला संस्थेत हलवणं सोपं जातं. घाई कोर्टाला असते, घरच्यांना असते, आम्हालाही असते. ज्याच्याबद्दल हे सगळं चाललंय त्यालाच फक्त ती नसते. तुमच्याकडे आलेल्या बाईंनी दोन फेऱ्या मारल्या. त्यांचा अहवाल मागून नीट वाचा. तिला एकटीला काय जमतं, मदत दिली तर काय जमतं, आणि मदत देऊनही काय जमत नाही, असे तीन भाग त्यात असायला हवेत. मावशीचे स्वतःचे शब्दही, जसेच्या तसे.

कलमबहाद्दर

वकिली करतो. देशोदेशीचे नियम वेगळे, म्हणून कलमांत शिरत नाही. पण 'संपूर्ण' या शब्दाखाली काय काय जातं ते अर्ज करणाऱ्यांना कुणी सांगत नाही, ते सांगायला हवं.

संपूर्ण पालकत्वात त्या व्यक्तीची सही कायद्याच्या लेखी उरत नाही. करार, खातं, घर, उपचाराला होकार किंवा नकार, कुठे आणि कुणाबरोबर राहायचं, हे सगळं पालकाकडे जातं. काही ठिकाणी मतदानही. जपानमध्ये २०१३ पर्यंत पालकाखालच्या माणसाला मत देता येत नव्हतं. ते त्या वर्षी कोर्टात लढून परत मिळालं. टीकाकार याला नागरी मृत्यू म्हणतात. शब्द कठोर आहे, पण मला खोटा वाटत नाही. आणि तो आदेश उठवणं मिळवण्यापेक्षा कितीतरी अवघड जातं, कारण वकील नेमायलाही तिची सही चालत नाही.

जगभर दिशा बदलते आहे. जर्मनीनं सज्ञान माणसाचं पालकत्व १९९२ मध्ये मोडीत काढलं आणि ज्या कामापुरती गरज तेवढीच कायदेशीर साथ अशी व्यवस्था आणली. २०२३ पासून तिथे त्या व्यक्तीची इच्छा हाच निकष धरतात. इंग्लंड-वेल्सचा २००५ चा कायदा सांगतो की क्षमता आहे असंच धरून चालायचं, नाही हे सिद्ध करायची जबाबदारी दुसऱ्यावर. आणि निर्णय शहाणपणाचा नाही एवढ्यावरून क्षमता नाही असं म्हणायचं नाही. आयर्लंडमध्ये तर १८७१ चा, नावातच वेडेपणा असलेला कायदा एप्रिल २०२३ पर्यंत चालू होता. तेव्हा कुठे तो जाऊन निर्णयात मदत करण्याचा कायदा आला. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही मर्यादित पालकत्व आहे, दोघांनी परस्परविश्वासानं मिळून निर्णय घ्यायचा अशी त्यामागची कल्पना. या सगळ्याच्या मुळाशी संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारातलं १२ वं कलम आहे: अपंगत्व असलं तरी कायद्यासमोर माणूस पूर्ण माणूसच.

देखरेख ढिली असली तर काय होतं तेही सांगतो. अमेरिकेत १९८७ मध्ये असोसिएटेड प्रेसच्या बातमीदारांनी पालकत्वाच्या २,२०० हून अधिक फायली तपासल्या आणि व्यवस्था किती पोखरलेली आहे ते छापलं. पुढे २०१० मध्ये तिथल्या संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयानं फक्त २० प्रकरणं उघडून पाहिली. त्यांत पालकांनी १५८ जणांचे मिळून ५४ लाख डॉलर लाटलेले निघाले. यातले काही नातेवाईक होते, काही पैसे घेऊन काम करणारे. सगळे पालक असे नसतात, हे मी रोज पाहतो. पण कोर्टाकडे तुमचं मन मोजायचं यंत्र नाही, म्हणून हिशेब मागावा लागतो.

आता तुमच्यापुरतं. तुमचे वकील तुमचे आहेत, मावशीचे नाहीत. तिच्या बाजूनं बोलणारं वेगळं कुणी आहे का ते आधी बघा, नसेल तर कोर्टाकडे मागा. मर्यादित आदेश मागा: कोणते अधिकार ते एकेक लिहून, मुदत घालून, आणि घर विकायला कोर्टाची वेगळी परवानगी लागेल असं स्वतःच लिहून द्या. मुखत्यारपत्राचाही विचार करा, पण एक मेख आहे. साधं मुखत्यारपत्र करून देणाऱ्याची क्षमता गेली की ते सहसा संपतं, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी हातात नुसता कागद राहतो. क्षमता गेल्यावरही टिकणारं मुखत्यारपत्र तुमच्या कायद्यात असेल, आणि मावशीला आज ते समजत असेल, तर ते आधी. सहा महिन्यांनी ती संधी राहणार नाही.

थेंब

डॉक्टर आहे, एकच मुद्दा. ३० गुणांची जी चाचणी करतात (आजची तारीख, शंभरातून सात वजा, वगैरे) ती चाळणी आहे, निकाल नव्हे. शिक्षण, भाषा, ऐकू येणं, त्या दिवशीची झोप, सगळ्याचा गुणांवर परिणाम होतो. शिक्षिका असलेल्या बाईंना चांगले गुण पडून खरी अडचण झाकलीही जाऊ शकते. डॉक्टरांकडे नुसता दाखला मागू नका, प्रश्न लिहून न्या: मोठी रक्कम सांभाळता येईल का, औषध नाकारण्याचा अर्थ कळतो का. मनगट बरं होऊन घरी स्थिरावल्यावर, साधारण तीन महिन्यांनी, तपासणी पुन्हा करून घ्या.

सांजवेळ

मी सहा वर्षं सासऱ्यांची कायदेशीर पालक होते. मागच्या वर्षी ते गेले. हे मी कुठेच लिहिलेलं नाही.

आदेश संपूर्ण होता. हिशेब मी चोख ठेवला, एक पैसा इकडचा तिकडे नाही. कोर्टानं कधी शेरा मारला नाही. सासरे सुतारकाम करायचे, हौसेनं नाही, पोटासाठी, पन्नास वर्षं. त्यांना आमच्या घरी आणलं तेव्हा त्यांची जागा भाड्याची होती, ती सोडायची होती. हत्यारांची पेटी होती. करवती, पटाशा, तीन रंधे. आमच्याकडे लहान मूल होतं, धारेची हत्यारं घरात नकोत म्हणून मी विकली. रक्कम त्यांच्या खात्यात जमा केली, पावती फायलीत लावली. त्यांना विचारलं नाही. विचारायची गरजच वाटली नाही, कारण अधिकार माझ्याकडे होता. यात वाईट हेतू कुठेच नव्हता, तेच मला आता जास्त सलतं.

दोन वर्षांनी वार्षिक पाहणीसाठी सोशल वर्कर आली. तोवर ते फारसं बोलत नसत. तिनं त्यांच्या शेजारी खाली बसून विचारलं, "तुम्हाला काय हवंय?" बराच वेळ गेला. मग ते म्हणाले, "रंधा." हाताची तशी हालचालही केली, पुढे-मागे. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी आत निघून गेले.

तिनं मला बोल लावला नाही. पुढच्या वेळी येताना बोथट पात्याचा एक जुना रंधा आणि मऊ लाकडाची फळी घेऊन आली. शेवटपर्यंत रोज दुपारी ते त्या फळीवर हात फिरवत बसायचे.

उंबरठा, तुझी मावशी अजून प्रश्न विचारते आहे. सही करशील तेव्हा कर, पण अधिकार मिळाला की विचारायची सवय सुटते, एवढं माझ्याकडून लक्षात ठेव.

निरभ्र

सांजवेळ, तुमचं वाचून गप्प झालो होतो. पण माझा मुद्दा संपलेला नाही. सगळे म्हणताहेत विचारा, थांबा, तीन महिन्यांनी तपासा. ज्या घरात चोर आत शिरलेला आहे तिथे तीन महिने म्हणजे काय ते मला माहीत आहे. बाबांना विचारलं असतं तर त्यांनी शंभर वेळा 'त्या मुलाला पैसे द्यायचेत' असंच सांगितलं असतं. ही त्यांची इच्छा म्हणायची का? पाऊलवाट, उत्तर द्या.

पाऊलवाट

द्यायलाच हवं. आणि तुमचा राग मला लागू आहे, कारण मी चुकलेली आहे.

बरीच वर्षं झाली. एका आजींबद्दल मी लिहिलं, की निर्णयक्षमता आहे, नातवाकडे राहायचा निर्णय त्यांचा स्वतःचा आहे. तेव्हा वॉर्डात गडबड होती आणि मी त्यांच्याशी बोलले ती नातवासमोर. तो मायेनं वागत होता, त्यांच्या पायांवर पांघरूण घालत होता. चार महिन्यांत घर त्याच्या नावावर झालं आणि आजी दुसऱ्या वॉर्डात भरती झाल्या, पाठीवर जखमा घेऊन. त्यांना क्षमता होती, हे माझं म्हणणं कदाचित बरोबरही असेल. पण त्या मोकळ्या नव्हत्या. समज शाबूत असणं वेगळं आणि दबावाखाली नसणं वेगळं, हे तेव्हापासून विसरले नाही. लोकांना खोलीबाहेर बसवते ते त्या आजींमुळे.

तुमच्या बाबांचंही मला असंच काहीसं दिसतं. फसवणूक चालू असताना वाट बघत बसा, असं कुणीही शहाणी समाजकार्यकर्ती सांगणार नाही. तिथे तातडीचा, थोड्या मुदतीचा आदेश मागतात, फक्त त्या खात्यापुरता. बँकेला लेखी कळवून व्यवहाराची मर्यादा घालून घेतात. मोठी रक्कम एका खात्यात, रोजच्या खर्चाची दुसऱ्यात, म्हणजे खिशातले पैसे त्यांचे त्यांच्याकडे राहतात. फोन नंबर बदलतात. आणि तो गोड आवाज त्यांना का हवा होता, हेही कुणीतरी बघायला हवं असतं. मला भेटलेल्या अशा बहुतेक लोकांना दिवसभरात दुसरा कुणाचाही फोन येत नसे. हे तुम्हाला टोचण्यासाठी लिहीत नाही, खरंच नाही. त्या वेळी आमच्यापैकी कुणी तुमच्या घरी यायला हवं होतं, आणि कुणी आलं नाही.

निरभ्र

दर रविवारी करायचो फोन. बाकीचे सहा दिवस नाही. लिहिलंत ते बरं झालं.

उंबरठा

सात आठवडे झाले, धागा वर काढतेय. सगळे प्रतिसाद छापून भावाला दिले होते.

आधी तब्येतीचं. स्कॅन केलं, रक्त साचलेलं नव्हतं. बी-१२ बरंच कमी निघालं, आणि हॉस्पिटलात सुरू झालेली झोपेची गोळी कुणी बंदच केलेली नव्हती. ती डॉक्टरांनी हळूहळू सोडवली. भिंतीवरची माणसं गेली. विसरणं मात्र गेलेलं नाही. डिमेन्शिया आहे, आणि तो वाढणार, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मी मनातून चमत्काराची वाट बघत होते, हेही तेव्हाच कळलं.

सोशल वर्करचा अहवाल मागून घेतला. पाऊलवाटताईंनी लिहिलं तसेच तीन भाग होते. औषधं: डबा भरून दिला आणि फोन केला तर घेते. रोजचे छोटे खर्च: जमतात. मोठी रक्कम, ठेवी, करार: मदत देऊनही नाही. कुठे राहायचं: तिचे शब्द होते, "पडले तर पडले. माझ्या खिडकीपाशी पडेन." खाली बाईंनी लिहिलं होतं की जोखीम तिला समजलेली आहे, तोलून मगच ती हे म्हणते आहे, आणि दोन्ही भेटींत तेच म्हणाली.

यावरून भावाशी माझं कडाक्याचं भांडण झालं. त्याला तिला संस्थेत ठेवायचं आहे, अजूनही. तो वाईट नाही, तो रात्री दोन वाजता येणाऱ्या फोनला घाबरतो. मीही घाबरते. सध्या सकाळपासून संध्याकाळपर्यंत एक बाई असतात, जिन्याला कठडा लावला, आणि दाराला उघडलं की वाजणारी घंटी. तीन महिन्यांनी पुन्हा बसायचं ठरलंय, मावशीसकट.

मुखत्यारपत्राचं विचारलं, पण आमच्याकडे क्षमता गेल्यावर ते टिकणार नाही असं कळलं. म्हणून अर्ज बदलला. फक्त ठेवी आणि मोठे व्यवहार, मुदत एक वर्ष, घराला हात लावायचा नाही. वकील आधी नाराज होते, मग त्यांनीच नीट मसुदा करून दिला. सुनावणी सकाळची मागून घेतली. श्रवणयंत्राच्या दोन जादा बॅटऱ्या पर्समध्ये ठेवल्या होत्या.

न्यायाधीशांनी तिलाच विचारलं. ती उभी राहिली. बसून बोला म्हणाले तरी बसली नाही. म्हणाली, "आकडे आता माझ्या डोक्यात ठरत नाहीत. ही बघेल. पण मला दाखवून."

ते 'मला दाखवून' आदेशात आलं आहे. दर महिन्याचा हिशेब तिला समजेल अशा रीतीनं सांगायचा, असं वाक्य आहे. आता अडलंय ते इथे. बँकेचा उतारा दाखवला तर ती दोन ओळींत गोंधळते आणि रडवेली होते. कुणी असा हिशेब दाखवला असेल तर कसा लिहिला, सांगाल का?

सांजवेळ

जाड रेघांची वही घे. एका महिन्याला एकच पान. अक्षर इतकं मोठं, की चष्म्याशिवायही अंदाज यावा. एका ओळीत एकच गोष्ट: आधी कशासाठी, मग किती. वर सुरुवातीला किती होते, खाली आता किती उरले. मधल्या बेरजा-वजाबाक्या तुझ्या फायलीत ठेव, तिच्या वहीत नकोत. सकाळीच बसा आणि एका वेळी पाचच ओळी वाचा, उरलेल्या दुसऱ्या दिवशी. पानाखाली तारीख तिला लिहू दे. चुकली तर खोडू नकोस, शेजारी तू बरोबर तारीख लिही आणि दोघी सही करा.

तांबड्या शाईचं पेनही दे तिला. ३२ वर्षं वह्या तपासल्यात ना तिनं.